नाइसरचा फुकट डेटा आणि सेकंदाला ४०१ गिरक्या: चार महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगतो, पैसे शून्य लागले. लागलं ते एवढंच, चार महिन्यांच्या शनिवारच्या रात्री, एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क, आणि बायकोचा दर शनिवारचा प्रश्न, "परत त्याच रेघोट्या बघत बसलायस?" हो, त्याच रेघोट्या. त्या रेघोट्यांमधे एक तारा सेकंदाला ४०१ वेळा स्वतःभोवती फिरतोय आणि दोन तासात दुसऱ्या एका ताऱ्याशी फुगडी घालतोय, आणि हे मी डोंबिवलीत, वन बीएचकेच्या किचन ओट्याला लागून असलेल्या टेबलावर बसून मोजलंय, कुठल्याही इन्स्टिट्यूटचा माणूस नसताना.

तर रिव्ह्यू कशाचा आहे ते नीट सांगतो. नासाचं एक आर्काइव्ह आहे, हीसार्क नावाचं, गोडार्ड स्पेस फ्लाइट सेंटरमधून चालतं, १९९० पासून. आकाशातून येणाऱ्या एक्स-रे आणि गॅमा किरणांचा जो काही डेटा वेगवेगळ्या उपग्रहांनी गोळा केलाय त्याचं हे कोठार. त्यातला मी वापरला तो मुख्यतः नाइसरचा डेटा. नाइसर म्हणजे इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर बाहेरच्या बाजूला बसवलेली एक्स-रे दुर्बीण, जून २०१७ मधे वर गेली. दुर्बीण म्हणजे फोटो काढणारी नाही हं, हिला फोटो काढताच येत नाही. ५६ छोटी भिंगं (भिंगं पण खरं तर नाहीत, आरसे आहेत, एकात एक बसवलेले) एक्स-रे गोळा करतात आणि प्रत्येक फोटॉन (प्रकाशाचा कण) कधी आला आणि किती ऊर्जेचा होता ते लिहून ठेवतात. बास. पण 'कधी' म्हणजे कसं, तर एका सेकंदाच्या कोटीव्या भागापर्यंत अचूक. जीपीएसच्या घड्याळावरून.

मी कोण? बीएस्सी फिजिक्स, त्यानंतर पोटापाण्यासाठी बँकेच्या सॉफ्टवेअरमधे. फिजिक्सशी संबंध तुटून सतरा वर्षं झाली. ह्यात परत पडलो ते खोडदमुळे. नारायणगावजवळ जीएमआरटी आहे ना, त्या मोठ्या मोठ्या रेडिओ डिश, तिथे २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात. भाचीला घेऊन गेलो होतो, ती शाळेच्या प्रोजेक्टचे फोटो काढत होती आणि मी एका पोस्टरपुढे अडकलो. ते पोस्टर ताऱ्यांच्या अशा एका जोडीबद्दल होतं जिला एक्सएसएस जे१२२७० म्हणतात. आधी तिच्याभोवती गरम वायूची चकती होती, एक्स-रे यायचे, रेडिओ पल्सरचा (म्हणजे गिरक्या घेताना ठरावीक वेळाने रेडिओ टिक पाठवणाऱ्या ताऱ्याचा) पत्ता नव्हता. २०१२ च्या शेवटी चकती गायब झाली आणि नंतर जीएमआरटीने ६०७ मेगाहर्ट्झवर कान लावला तर आतला पल्सर टिकटिकताना सापडला, १.६९ मिलिसेकंदाला एक टिक. म्हणजे एकच तारा, कधी एक्स-रेवाला कधी रेडिओवाला. भाची म्हणाली, "मामा, चल ना, भूक लागली." मिसळ खाल्ली, पण डोक्यातून ते जाईना. रेडिओ डिश तर आपल्याकडे नाही, पण एक्स-रेचा डेटा फुकट मिळतो हे कुठेतरी वाचलेलं आठवत होतं.

ज्यांना ही जोडी म्हणजे काय प्रकार आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठा तारा मरतो, त्याचा गाभा आक्रसून मुंबई बेटाएवढा गोळा उरतो, वजन मात्र आपल्या सूर्याच्या दीडपट. हा न्यूट्रॉन तारा. त्याच्या जवळ, अगदी जवळ, एक दुसरा तारा अजून शिल्लक असतो आणि न्यूट्रॉन तारा त्याचा वायू ओढून घेतो. तो वायू चकतीसारखा गोल फिरत आत येतो, मग चुंबकीय क्षेत्राला धरून ध्रुवांवर पडतो, पडताना वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे पडतो तिथे तापमान कोटी-कोटी अंश आणि म्हणून एक्स-रे. तारा फिरला की तो तापलेला ठिपका आपल्याकडे येतो-जातो, म्हणून उजेड कमी-जास्त, कमी-जास्त. ती पल्स. आणि आपलं वातावरण एक्स-रे खाली येऊ देत नाही, म्हणून गच्चीवर दुर्बीण लावून काही उपयोग नाही, वरूनच बघावं लागतं.

आता सर्व्हिस कशी आहे.

वेबसाइट दिसायला सरकारी आहे. म्हणजे आपल्या सात-बाराच्या साइटसारखी नाही, लगेच उघडते, पण तुम्हाला वाटेल की आपण २००४ सालात आलोय. ब्राउझ नावाचा एक फॉर्म आहे, त्यात ताऱ्याचं नाव टाका, मिशन निवडा, खाली यादी येते, कुठल्या दिवशी किती सेकंद बघितलं ते सगळं. चेकबॉक्स टिक करा, डाउनलोड. लॉगिन नाही, ओटीपी नाही, पॅन नाही, 'आपण कोणत्या संस्थेचे' नाही. पहिल्या वेळी मला खरंच वाटलं की कुठेतरी पुढच्या पानावर फी मागतील. नाही मागितली. एका दिवसाच्या निरीक्षणाचं फोल्डर काही शे एमबी, कधी जास्त. आमच्याकडचं ब्रॉडबँड जुलैत दर संध्याकाळी पडायचं (कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, केबलवाला ओळखीचा आहे) त्यामुळे मी डाउनलोड पहाटे लावायचो, पण तो दोष नासाचा नाही.

डेटा आला की तो उघडायला सॉफ्टवेअर लागतं, हीसॉफ्ट. हे पण फुकट. इथे मात्र धीर लागतो. विंडोजवर थेट चालत नाही, लिनक्स पाहिजे किंवा विंडोजच्या आत लिनक्स बसवायचं. मी सोर्स कोड आणून कंपाइल केला, रात्री लावला आणि सकाळी उठून बघितलं तर एका लायब्ररीसाठी अडून बसलेला. परत लावला. दुसऱ्या रात्री झाला. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी सायसर्व्हर नावाची सोय आहे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची, ब्राउझरमधेच सगळं सॉफ्टवेअर तयार मिळतं आणि डेटा पण तिथेच असतो, डाउनलोडची पण कटकट नाही. मला हे नंतर कळलं. तुम्ही आधी वाचताय, तुमचं नशीब. डॉक्युमेंटेशन भरपूर आहे, जरा जास्तच भरपूर, एका प्रश्नाचं उत्तर शोधताना चार पानं उघडतात, पण उत्तर असतं. हेल्पडेस्कला एकदा मेल टाकला होता, अगदी बाळबोध प्रश्न, दोन दिवसात माणसाने लिहिलेलं उत्तर आलं, बॉटचं नाही.

लगेच मिलिसेकंदवाल्या ताऱ्यामागे लागू नका. मी आधी हात साफ केला सेंटॉरस एक्स-३ वर आणि तोही आपल्या इस्रोच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या डेटावर. हा पहिला सापडलेला एक्स-रे पल्सर, १९७१ मधे उहुरू उपग्रहाला दिसला. (उहुरू म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य, केनियाच्या किनाऱ्याजवळच्या तरंगत्या तळावरून त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, १२ डिसेंबर १९७० ला उडवला म्हणून ते नाव.) सेंटॉरस एक्स-३ ची एक गिरकी ४.८ सेकंदांची. म्हणजे एकदम आरामात. ॲस्ट्रोसॅटवरच्या लॅक्सपीसी ह्या उपकरणाच्या डेटाचा अर्ध्या सेकंदाच्या टप्प्याने ग्राफ काढला तर डोळ्यालाच दिसतं, वर-खाली, वर-खाली, काही गणित नको. बायकोला दाखवलं तर म्हणाली, "ईसीजी आहे का कुणाचा?" आणि हा दर २.१ दिवसांनी जोडीदाराच्या मागे जाऊन लपतो, तेव्हा उजेड धप्पकन पडतो.

लॅक्सपीसीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो कारण घरचं कार्य आहे. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावरचं लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेत बनलंय, आणि उपग्रहाच्या डेटासाठी मदत करणारा कक्ष पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे. लॅक्सपीसी म्हणजे झेनॉन वायू भरलेल्या तीन मोठ्या पेट्या. फोटॉन आला की नोंद, दहा मायक्रोसेकंदाच्या अचूकतेने, आणि ३ पासून ८० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे फोटॉनच्या ऊर्जेचं माप). नाइसर १२ च्या पुढे बघत नाही, म्हणजे जास्त कडक एक्स-रे पाहिजे असतील तर नाइसरचा उपयोग नाही, लॅक्सपीसीच घ्या. तोटे? तीन पेट्यांपैकी एकीतून गॅस गळायला लागला, ती २०१८ मधे बंद केली, दुसरीचं पण त्याच वर्षी बिघडलं, त्यामुळे नंतरच्या डेटात बहुतेक लोक एकाच पेटीवर, लॅक्सपीसी-२० वर, भिस्त ठेवतात. आणि हिचं क्षेत्र आकाशात जवळजवळ एक अंश रुंद, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी ठेवले तर मावतील एवढं, त्यामुळे आकाशगंगेच्या मधल्या गर्दीत शेजाऱ्याचे फोटॉनही आपल्याच खात्यात जमा होतात. डेटा इस्रोच्या साइटवर रजिस्टर करून मिळतो, नवीन निरीक्षण ठरावीक काळ ज्याने प्रपोजल दिलं त्याच्यासाठी राखीव आणि मग सगळ्यांना खुलं. पाच वर्षांसाठी पाठवलेला उपग्रह होता, दहा वर्षं पार झाली. आमच्या घरच्या वॉशिंग मशीनला हे कोणीतरी सांगा.

आता मुख्य माल. सॅक्स जे१८०८.४-३६५८. नाव असलं म्हणून घाबरायचं नाही, तो फक्त आकाशातला पत्ता आहे. मी त्याला नुसतं अठराशे आठ म्हणतो. धनु राशीत, इथून साधारण ११,००० प्रकाशवर्षं. १९९६ मधे बेपोसॅक्स उपग्रहाला हा भडकलेला दिसला आणि १९९८ च्या एप्रिलमधे परत भडकला तेव्हा आरएक्सटीई उपग्रहाने त्यात ४०१ हर्ट्झची पल्स पकडली. ही गोष्ट का मोठी होती ते कळायला १९८२ मधे जावं लागतं. त्या वर्षी पहिला मिलिसेकंद पल्सर सापडला, सेकंदाला ६४२ गिरक्या, शोधणाऱ्यांमधे एक विद्यार्थी होता श्रीनिवास कुलकर्णी, जन्म आपल्या कुरुंदवाडचा (हो, सुधा मूर्तींचे भाऊ). सगळ्यांना प्रश्न पडला की एवढा जुना तारा एवढा जोरात फिरतो कसा, जुना झाला की मंदावायला पाहिजे. बंगळूरच्या रामन इन्स्टिट्यूटमधल्या राधाकृष्णन आणि श्रीनिवासन यांनी तेव्हाच मांडलं की हा एकटा फिरत नव्हता, कधीतरी जोडीदार होता आणि त्याच्याकडून येणाऱ्या वायूने ह्याला फिरवत फिरवत वेग दिला. बाहेर आणखी एका गटानेही त्याच वर्षी हेच सुचवलं. म्हणजे पाळण्यातल्या पोराला मागून एकेक धक्का देत राहावं तसं, फक्त धक्के कोट्यवधी वर्षं. पण धक्के चालू असताना कोणी बघितलं नव्हतं. ह्या अठराशे आठमधे ते बघायला मिळालं, सोळा वर्षांनी. अजून वायू खातोय आणि मिलिसेकंदात फिरतोय, दोन्ही एकाच वेळी. तेव्हापासून असे दोन डझनांच्या आसपास सापडलेत.

हा कायम उजळ नसतो. दोन-चार वर्षं गप्प, चकतीत वायू साठत राहतो, मग सोसायटीची टाकी ओव्हरफ्लो व्हावी तसं एकदम सगळं आत यायला लागतं आणि काही आठवडे धिंगाणा. मी घेतला तो २०१९ च्या ऑगस्टमधला धिंगाणा. त्यात २१ ऑगस्टला (भारतात सकाळ होती, मी बहुतेक कल्याण फास्टमधे लटकत होतो) त्याच्या पृष्ठभागावर साठलेल्या हायड्रोजन-हेलियमचा स्फोट झाला, वीस सेकंदात एवढी ऊर्जा की आपल्या सूर्याला द्यायला जवळजवळ दहा दिवस लागतील. नाइसर नेमकं तिकडेच बघत होतं. ती फाइल उघडून ग्राफ काढला तेव्हा सपाट रेघ चालली आहे, चालली आहे आणि अचानक उभी भिंत. त्या रात्री मी ते तीन वेळा परत परत काढून बघितलं, काही कारण नसताना.

पण पल्स शोधायला बसलो आणि इथे चार शनिवार गेले.

आधी अडाण्यासारखं सगळ्या फोटॉनांची वेळ घेऊन एकदम फूरिये ट्रान्सफॉर्म (डेटात कुठली लय किती जोरात आहे ते दाखवणारं गणित) मारला. ४०१ हर्ट्झच्या जवळ टोकदार सुळका येईल म्हणून बघतो तर सुळका नाही, एक टेंगूळ. पसरलेलं. कारण साधं आहे, आपल्या सगळ्यांना पाठ आहे, प्लॅटफॉर्मवर उभे असताना फास्ट लोकल भोंगा मारत येते तेव्हा आवाज चढा आणि गेली की उतरता. १८०८ पण येतोय-जातोय, दोन तास आणि जेमतेम एका मिनिटात एक फेरी. तो आपल्याकडे येताना ४०१ चं थोडं जास्त होतं, जाताना कमी. मोठा तुकडा एकदम घेतला की सगळे सूर एकत्र कालवले जातात. मग मी डेटाचे दोनेकशे सेकंदांचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्यात ईएफसर्च नावाच्या टूलने वेगवेगळे पिरियड (एका गिरकीला लागणारा वेळ) धरून घडी घालून बघायचं, कुठल्या पिरियडला घडी नीट बसते. साडी इस्त्रीला द्यायच्या आधी घडीवर घडी जुळवतात तसं, कडा जुळल्या की तोच पिरियड. ०.००२४९३९ सेकंदाच्या आसपास जुळायला लागली. काही तुकड्यांमधे काहीच धड निघालं नाही, ते सोडून दिले.

मग ते सगळे आकडे वेळेसमोर मांडले. लाट येणार, सुंदर लाट, दोन तासांची. आली? छे. एक विचित्र गाठोडं आलं, दोन वेगवेगळ्या लाटा एकमेकीत गुंतलेल्या, आणि सगळ्याचा मध्यही थोडा सरकलेला.

कारण आपणही स्थिर नाही. हे मला बीएस्सीला असताना माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं. स्पेस स्टेशन पृथ्वीभोवती सेकंदाला पावणेआठ किलोमीटरने पळतंय, दीड तासात फेरी. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटरने. म्हणून फोटॉनच्या वेळा आधी सूर्यमालेच्या वस्तुमान-मध्याला नेऊन ठेवायच्या, जणू काही आपण तिथे बसून ऐकतोय. त्याला बॅरिसेंटर करेक्शन म्हणतात आणि त्याचं टूल हीसॉफ्टमधे आहे, बॅरीकॉर. ते मी वापरलं होतं की! वापरलं होतं आणि तरी गाठोडं. तीन शनिवार मी नासाला शिव्या घातल्या. चौथ्या शनिवारी दिसलं की ताऱ्याचा पत्ता देताना मी १८.१४ असं टाकलंय. तास. आकाशातला पत्ता तासांतही देतात आणि अंशांतही, टूलला अंश पाहिजेत, २७२.११. म्हणजे मी कॉम्प्युटरला सांगत होतो की तारा आकाशात भलतीकडेच आहे, आणि तो बिचारा इमानदारीत भलत्या दिशेने दुरुस्ती करत होता. एरर पण येत नाही हो, १८.१४ अंश हा पण आकाशातला वैध पत्ताच आहे. (ह्याचा अर्धा स्टार कापणार होतो, मग लक्षात आलं की हेल्प फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलंय.)

पत्ता नीट टाकला, परत चालवलं. आणि लाट आली. स्वच्छ. वर ०.०२२ हर्ट्झ, खाली ०.०२२ हर्ट्झ, मधे ४००.९७५. दोन तास एक मिनिट.

मग हिशोब करत बसलो, कागदावर, पेनने. ४०१ मधे ०.०२२ चा फरक म्हणजे वेग किती? सेकंदाला सोळा किलोमीटर, आपल्या दिशेने मोजलेला. फक्त सोळा! पृथ्वी तीसने पळतेय. म्हणजे ११,००० प्रकाशवर्षांवरचा, दोन तासात फेरी मारणारा, जग ज्याला भयंकर म्हणतं तो तारा त्याच्या कक्षेत जेवढा हलतोय त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने मी डोंबिवलीत खुर्चीवर बसल्या बसल्या हलतोय. त्या कक्षेची, आपल्याला दिसते तेवढी, त्रिज्या काढली तर १८,८०० किलोमीटर. प्रकाशाला ६३ मिलिसेकंद. पृथ्वीच्या व्यासाच्या दीडपट, बास. एवढं कमी का, तर फुगडीतला भिडू हलका आहे. सूर्याच्या वीसाव्या भागाएवढं त्याचं वस्तुमान, बाकीचं ह्यानेच खाल्लंय. मोठ्या मामाने चार वर्षांच्या भाचीबरोबर फुगडी घातली तर मामा जागेवरच डुलतो आणि भाची गरगर फिरते, तसं. भाची दिसत नाही आपल्याला, मामाच्या डुलण्यावरून भाचीचं वजन काढायचं.

आणि बॅरिसेंटरचं महत्त्व किती, तर सूर्य ते पृथ्वी प्रकाशाला ४९९ सेकंद लागतात, तेवढ्या वेळात अठराशे आठच्या दोन लाख गिरक्या होतात. गिरक्या मोजायला बसलात आणि तेवढ्या दोन लाखांचा हिशोब नाही ठेवलात तर कुठली घडी आणि कुठल्या कडा.

नाइसरच्या डेटात एक गोष्ट बघून घ्या, ही साइटवर लिहिलेली आहे पण घाईत सुटते. मे २०२३ मधे दुर्बिणीवरच्या पातळ संरक्षक पडद्यांना भोकं पडली आणि त्यातून सूर्याचा उजेड आत यायला लागला, त्यामुळे स्टेशनवर दिवस असताना घेतलेला डेटा त्रास देतो. जानेवारी २०२५ मधे निक हेग ह्या अंतराळवीराने स्पेसवॉक करून तिच्यावर नऊ ठिगळं लावली. खरीखुरी ठिगळं. एक्स-रे दुर्बिणीला ठिगळ लावायला माणूस बाहेर गेला, हे वाचून मला आमच्या गच्चीवरच्या ताडपत्रीची आठवण आली. तर नवशिक्यांनी मे २०२३ च्या आधीचा डेटा घ्यावा, डोक्याला ताप नाही. दुसरी गोष्ट, स्टेशन फिरत असल्यामुळे सलग निरीक्षण मिळत नाही, एका फेरीत काही मिनिटं, मग खंड, मग परत काही मिनिटं. दोन तासांची लाट एका बैठकीत बघायची म्हटली तर नाही दिसणार, दोन-तीन दिवसांचे तुकडे जोडावे लागतात. स्टेशनची फेरी दीड तासाची आणि ताऱ्याची दोन तासांची, त्यामुळे दर वेळी लाटेचा वेगळा भाग हाती लागतो आणि हळूहळू पूर्ण भरतो. मला हे आवडलं खरं तर, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून तुकडे जमवून जोडल्यासारखं. पण ज्याला झटपट पाहिजे तो वैतागेल.

कोणी घेऊ नये? ज्याला रंगीत फोटो पाहिजेत त्याने. इथे एकही फोटो नाही, नुसत्या वेळा आणि ऊर्जा. आणि 'कॉम्पॅक्ट' (म्हणजे दोघे अगदी जवळ जवळ फिरणारी जोडी) बघून कोणी सरळ ४यू १६२६-६७ वर उडी मारू नये. मी मारली होती. कागदावर ती जोडी अठराशे आठपेक्षाही भारी वाटते, ४२ मिनिटात फेरी, गिरकी ७.७ सेकंदांची, म्हणजे पल्स डोळ्याला दिसणार आणि लाट लगेच मिळणार असा माझा हिशोब. पल्स मस्त मिळाली. लाट? शून्य. सपाट. परत पत्ता तपासला, अंशात होता. मग वाचल्यावर कळलं की तिची लाट एक्स-रेमधे आजवर कोणालाच मिळालेली नाही. ४२ मिनिटांचा आकडा साध्या, डोळ्याच्या प्रकाशातल्या निरीक्षणांवरून आलाय. भिडू इतका हलका, किंवा आपण ती फुगडी अशी वरून बघतोय, की मामा हलतोय हे जाणवतच नाही. त्या जोडीची मजा दुसरीच आहे, मामाची गिरकी काही वर्षं वेग घेते आणि मग उलटी मंदावायला लागते, १९९० मधे पलटली, २००८ मधे पलटली, २०२३ मधे परत. ते बघायचं असेल तर वर्षानुवर्षांचा डेटा जोडायला लागेल. हीसार्कवर तोही आहे, जुन्या उपग्रहांचा पण. हात घातलाय, पण त्याचा रिव्ह्यू आत्ता नाही लिहू शकत.

कॉम्प्युटर फार मोठा लागत नाही, माझा आठ जीबी रॅमचा सहा वर्षं जुना लॅपटॉप आहे, पंखा ओरडतो पण काम करतो. डिस्क मात्र रिकामी ठेवा. मी मुलाच्या बारशाचे व्हिडिओ एक्स्टर्नल डिस्कवर हलवले अठराशे आठला जागा करायला, आणि ही गोष्ट घरात अजून कोणाला माहीत नाही.

स्टार पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो हीसॉफ्टच्या इन्स्टॉलेशनच्या दोन रात्रींसाठी. ॲस्ट्रोसॅटला पण साडेचार, तिथला अर्धा गळालेल्या गॅसचा. भाचीला लाटेचा ग्राफ व्हॉट्सॲप केला होता, तिने विचारलं, "मामा, ह्याच्यात तू कुठला?" दोन दिवस झाले, अजून उत्तर टाइप करतोय.